नोत्र दाम आगीत का कोसळले नाही, आणि आज उभे आहे ते कोणत्या शतकातले?

विचारलेले प्रश्न दोन आहेत. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे सगळे मोठे छप्पर जळून गेले आणि त्यावरचा उंच, टोकदार लाकडी सुळकाही पडला, तरी इमारत उभी कशी राहिली, हा पहिला. डिसेंबर २०२४ मध्ये जे पुन्हा उघडले, त्याला जुने नोत्र दाम म्हणावे की त्याची हुबेहूब नक्कल, हा दुसरा. जुन्या दगडी इमारतींच्या जतनाचे काम हाच माझा व्यवसाय असल्यामुळे मी पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचे उत्तर नीट समजले की दुसऱ्याचे बरेचसे उत्तर त्यातच सापडते, कारण ही इमारत एका पिढीत, एका हाताने पूर्ण झालेली कधीच नव्हती आणि ती आजवर टिकली ती आपल्या तोलामुळे आणि दर काही पिढ्यांनी झालेल्या दुरुस्त्यांमुळे.

त्या संध्याकाळी दूरचित्रवाणीवर जे जळताना दिसले ते बाहेरचे छप्पर होते. टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीतल्या कॅथेड्रलला दोन छपरे असतात, हे आत उभे राहून वर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्याला दिसते ते जमिनीपासून सुमारे ३३ मीटर उंचीवरचे, दगडी कमानींनी तोललेले छत. त्या कमानछताच्या पाठीवर मोठी अंधारी पोकळी असते आणि तिच्यावर लाकडी कैच्यांचे, म्हणजे तुळयांच्या त्रिकोणी चौकटींचे, उतरते छप्पर असते. नोत्र दामच्या या ओकच्या सांगाड्याला ‘जंगल’ असेच नाव पडले होते. त्यासाठी सुमारे १,३०० झाडे लागली असावीत असा अंदाज सांगितला जातो. छपराचा उतार ५५ अंशांच्या आसपास होता आणि त्यावर पाच मिलिमीटर जाडीचे शिशाचे पत्रे होते, एकूण सुमारे २१० टन. यातली कळीची बाब अशी की या छपराचा भार खालच्या कमानछतावर येत नाही. कैच्या भिंतींच्या माथ्यावर बसतात, कमानछत त्यांच्या खाली स्वतंत्रपणे उभे असते, आणि दोघांची कामेही वाटून दिलेली असतात. वरचे छप्पर पावसापासून कमानछताचे रक्षण करते, आणि वर आग लागली तर कमानछत खालच्या दालनाचे.

हे दुसरे काम केवळ पुस्तकी नाही. फ्रान्समधल्याच शार्त्रच्या कॅथेड्रलचे लाकडी छप्पर १८३६ मध्ये जळाले. कमानछत टिकले आणि वर लोखंडी सांगाडा उभारून तांब्याचे पत्रे बसवण्यात आले. मेत्झचे छप्पर १८७७ मध्ये जर्मन सम्राटाच्या भेटीनिमित्त झालेल्या आतषबाजीत पेटले. तिथेही कमानछताने आग अडवली. रॅन्सचे छप्पर सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन तोफांच्या माऱ्याने पेटले, तेव्हा उत्तरेच्या मनोऱ्याला दुरुस्तीसाठी बांधलेली लाकडी परांचीही जळाली. युद्धानंतर आंरी दनो या वास्तुतज्ज्ञाने तिथे प्रबलित काँक्रीटच्या छोट्या साचेबद्ध तुकड्यांचा सांगाडा उभा केला. म्हणजे २०१९ मध्ये पॅरिसला जे घडले ते चमत्कार म्हणून सांगितले जात असले, तरी ज्यांनी ही इमारत बांधली त्यांनी अशाच प्रसंगाची तजवीज करून ठेवली होती. त्या काळी शहरे वारंवार जळत आणि चर्चेही जळत. दगडी छताचा प्रचंड खटाटोप करण्यामागे सौंदर्यदृष्टीइतकेच हे व्यावहारिक कारणही होते.

आता हे कमानछत कसे उभे राहते ते पाहू. नोत्र दामच्या मुख्य दालनाची रुंदी सुमारे १२ मीटर आहे, आणि त्यावर दगडी फासळ्यांचा सांगाडा करून फासळ्यांमधली जागा घडीव दगडाच्या पातळ पडद्याने भरलेली आहे. या पडद्याची जाडी बहुतेक ठिकाणी साधारण १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षाही कमी. बाराव्या शतकाच्या रिवाजाप्रमाणे इथे फासळ्यांनी छताच्या प्रत्येक चौकटीचे सहा भाग, म्हणजे सहा पाकळ्या, केलेल्या आहेत. चार पाकळ्यांची साधी पद्धत नंतर शार्त्रपासून रूढ झाली. दगड दाबाला चिवट असतो, ताणाला फार कमकुवत. म्हणून अशा बांधणीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेललेला असेल आणि कुठेही ताण येणार नाही अशी आकृती शोधावी लागते, आणि टोकदार कमान ही त्या शोधातली मोठी सोय होती. अर्धवर्तुळाकार कमानीची उंची तिच्या रुंदीने ठरते. टोकदार कमानीचे तसे नसते, त्यामुळे वेगवेगळ्या रुंदीच्या कमानी एकाच उंचीला आणता येतात, आणि बाहेरच्या बाजूला जाणारा रेटाही काहीसा कमी होतो.

कमी होतो, नाहीसा होत नाही. ३३ मीटर उंचीवरचे छत भिंतींना सतत बाहेर ढकलत असते, आणि भिंतीत मोठमोठ्या खिडक्या असल्याने ती एकटी तो रेटा सोसू शकत नाही. म्हणून बाहेरून, खालच्या दालनांच्या छपरांवरून झेप घेत येणाऱ्या अर्ध्या कमानी भिंतीला टेकलेल्या असतात. इंग्रजी वळणाने आपण त्यांना फ्लाइंग बट्रेस म्हणतो. पडू पाहणाऱ्या भिंतीला माणसाने दोन्ही हात लावून, पाय मागे रोवून उभे राहावे, तसा हा आधार. वेदीकडच्या भागातले आजचे बट्रेस एकाच झेपेत सुमारे १५ मीटरचे अंतर ओलांडतात. ते चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचे असून झ्याँ राव्ही या प्रमुख गवंड्याच्या नावाशी जोडले जातात. त्यांच्या पाठीवर पन्हळ कोरलेली आहे. वरच्या छपराचे पावसाचे पाणी तिच्यातून वाहत जाते आणि टोकाशी बसवलेल्या, जबडा वासलेल्या पशूंच्या तोंडातून भिंतीपासून दूर फेकले जाते. हे पशू म्हणजे गारगॉइल, आणि त्यांचे काम निव्वळ पाणी लांब टाकण्याचे आहे. छायाचित्रांत प्रसिद्ध झालेले, कठड्यावर गालाला हात लावून बसलेले शिंगवाले प्राणी वेगळे. ते एकोणिसाव्या शतकात घडवलेले आहेत आणि त्यांच्या तोंडातून पाणी येत नाही. प्रवासवर्णनांत या दोघांची सर्रास गल्लत होते.

२०१९ मध्ये कमानछताला भोके पडली ती कुठे, हे पाहिले की सगळा प्रकार उलगडतो. मुख्य दालन आणि आडवे बाहू जिथे एकमेकांना छेदतात त्या मधल्या चौकाचे छत गेले, मुख्य दालनाच्या एका भागात भगदाड पडले, आणि उत्तर बाहूतले काही छत कोसळले. एकूण हिशेब केला तर कमानछताचा बहुतांश भाग शाबूत राहिला. जे पडले त्याला उष्णतेपेक्षा जबाबदार होता वरून कोसळलेला भार. मधल्या चौकावर उभा असलेला सुळका ओक आणि शिसे मिळून साधारण ७५० टनांचा होता, आणि तो संध्याकाळी आठच्या थोडा आधी, जळत, वाकत खाली आला. असा आघात सोसण्यासाठी १५ सेंटिमीटरचा दगडी पडदा बांधलेला नसतो. त्याला हवा असतो स्थिर, पसरलेला, ओळखीचा भार. इतरत्र जळकी तुळयांची लाकडे आणि वितळलेले शिसे त्याच्या पाठीवर पसरून पडले, ते त्याने झेलले. याउलट उत्तरेच्या मनोऱ्यात घंटांच्या लाकडी सांगाड्यापर्यंत आग पोहोचली होती. तो सांगाडा जळाला असता तर घंटा खाली कोसळून मनोराच धोक्यात आला असता, आणि एक मनोरा गेला की शेजारच्याचा तोलही जातो. अग्निशमन दलाच्या जवानांनी आत शिरून तिथे पाणी मारले, म्हणून आजचा दर्शनी भाग दिसतो. विमानातून पाणी ओतावे असे त्या वेळी दूरवरून सुचवले गेले होते. उंचावरून पडणारे टनावारी पाणी हाही एक आघातच असतो. तो केला असता तर उरलेले छतही गेले असते.

आग विझली म्हणजे धोका टळला असे मात्र नव्हते. आमच्या क्षेत्रातले लोक पुढच्या दीड वर्षाकडे जितक्या धास्तीने पाहत होते तितक्या धास्तीने आगीच्या रात्रीकडेही पाहत नव्हते, असे म्हटले तरी चालेल. याची कारणे तीन. छपराचा भार भिंतीच्या माथ्यावरून नाहीसा झाला. हा भार निरुपयोगी नसतो. तो बाहेर जाणाऱ्या रेट्याची दिशा खाली वळवतो आणि भिंतीला जागेवर दाबून धरतो. तो गेला, शिवाय काही चौकटींत कमानछतच नाही म्हणजे बाहेर ढकलणारा रेटाही नाही, आणि बट्रेस मात्र आतल्या बाजूला ढकलत राहिलेले, अशी विचित्र अवस्था झाली. म्हणून मोजून कापलेल्या लाकडी सेंट्रिंगच्या चौकटी सर्व २८ बट्रेसच्या खाली बसवण्यात आल्या, जेणेकरून एक ढळला तरी तो जागच्या जागी अडेल. दुसरे कारण परांचीचे. सुळक्याच्या दुरुस्तीसाठी बांधलेल्या लोखंडी परांचीचे सुमारे ४०,००० नळ आगीत वाकून एकमेकांना चिकटले होते, त्यांचे वजन २०० टनांच्या घरात होते, आणि ते सगळे उघड्या भोकावर लोंबत होते. दोरावर उतरणाऱ्या कामगारांनी ते एकेक करून कापले. नोव्हेंबर २०२० मध्ये शेवटचा तुकडा उतरला. तिसरे कारण चुन्याचे. हे छत चुन्यात बांधलेले आहे, आणि आगीनंतर ते पाण्याने चिंब भिजले होते. भिजलेल्या दगडाचे वजन वाढते, सांध्यांतला चुना मऊ पडतो, आणि हिवाळ्यात तेच पाणी गोठून फुगते.

दगडाचेही एक वेगळे प्रकरण आहे. नोत्र दाम पॅरिसच्याच पोटातल्या चुनखडकात बांधलेले आहे. सेन नदीच्या डाव्या काठाखाली या खडकाच्या खाणी होत्या, आणि पर्यटक ज्यांना कॅटकूम्स म्हणून ओळखतात त्या भुयारांचा जन्म अशाच खाणींतून झाला. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, छिन्नीला सहज वश होतो, आणि हवेवर राहून त्याची पाठ टणक होते. मुंबईत गॉथिक वळणाच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा कोरीव कामासाठी पोरबंदरचा चुनखडक आणला गेला तो अशाच गुणासाठी; आपल्या काळ्या पाषाणात तितक्या नाजूक वेली काढायच्या तर हातच मोडतील. पण चुनखडकाची आगीपुढे परीक्षा कठीण. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातले लोह रंग बदलते आणि दगडावर गुलाबी झाक येते. ८०० अंशांच्या वर तर त्याची भट्टीतल्यासारखी कळी होऊ लागते, म्हणजे दगडाचा अक्षरशः चुना होतो. म्हणून आगीनंतर दगड तपासणारा माणूस आधी रंग पाहतो. गुलाबी कातडी किती खोल गेली आहे यावरून तो दगड ठेवायचा की बदलायचा याचा अंदाज येतो, मग ठोकून आवाज ऐकायचा, मग नमुने काढून प्रयोगशाळेत. दगड उष्णता हळू वाहून नेतो. त्यामुळे वरची पाठ भाजली तरी आतल्या थरांपर्यंत झळ मर्यादितच पोहोचते. जिथे दगड बदलावे लागले तिथे पॅरिसच्या उत्तरेकडील खाणींतून जुळणारा चुनखडक आणण्यात आला.

यापुढे दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. त्यासाठी इमारतीचा इतिहास थोडा उलगडावा लागेल, पण राजेरजवाड्यांचा नव्हे, बांधकामाचा.

मोरीस द स्युली ११६० मध्ये पॅरिसचे बिशप झाले आणि जुन्या चर्चच्या जागी हे नवे कॅथेड्रल बांधण्याचा संकल्प त्यांनी सोडला. ११६३ मध्ये पोप अलेक्झांडर तिसरे यांच्या उपस्थितीत कोनशिला बसली अशी परंपरा आहे. काम पूर्वेकडून, वेदीच्या बाजूने सुरू झाले, कारण उपासना सुरू करायला आधी वेदी लागते. मुख्य वेदीचा अभिषेक ११८२ मध्ये झाला. स्युली ११९६ मध्ये वारले तेव्हा मुख्य दालनाचे काम चालूच होते. पश्चिमेचा दर्शनी भाग १२०० च्या सुमारास सुरू झाला आणि ६९ मीटर उंचीचे दोन मनोरे तेराव्या शतकाच्या मध्याला पूर्ण झाले. पूर्ण लांबी सुमारे १२८ मीटर. ज्या काळात फ्रान्समध्ये एकमेकांशी चढाओढ करत कॅथेड्रले उंच होत होती, त्या काळात ३३ मीटर हा काही वर्षांपुरता विक्रम होता. ती चढाओढ पुढे बोव्हेला ४८ मीटरपर्यंत पोहोचली आणि तिथले छत १२८४ मध्ये कोसळले. त्या तुलनेत नोत्र दामचे प्रमाण संयमाचे वाटते, आणि ते टिकले यात या संयमाचाही वाटा आहे.

संयम होता, पण समाधान नव्हते. मूळ रचनेत मुख्य दालनाच्या भिंतीला चार मजले होते: खाली खांबांच्या कमानी, त्यावर सज्जा, त्यावर गोल झरोके, आणि सगळ्यात वर लहान खिडक्या. दुहेरी बाजूदालनांमुळे उजेड आत येईपर्यंत मंद होत असे. म्हणून १२२० च्या दशकात, म्हणजे इमारत पुरती बांधून होण्याआधीच, तिची दुरुस्ती सुरू झाली. गोल झरोके काढून टाकले, वरच्या खिडक्या खाली वाढवल्या, सज्ज्यावरचे छप्पर सपाट केले, आणि पाणी वाहून नेण्याची सगळी व्यवस्था बदलली. एकोणिसाव्या शतकात जीर्णोद्धार करणारे वास्तुतज्ज्ञ व्हियोले-ल-द्यूक यांना याचे पुरावे भिंतीत सापडले, तेव्हा मधल्या चौकालगतच्या काही चौकटींत त्यांनी जुनी चार मजली रचना पुन्हा करून ठेवली. आज तिथे उभे राहून एक नजर चौकाजवळच्या चौकटीवर आणि दुसरी तिच्या शेजारच्या चौकटीवर टाकली, तर बाराव्या आणि तेराव्या शतकांतले मतभेद एकाच भिंतीवर दिसतात. विद्यार्थ्यांना गॉथिक समजावताना मला यापेक्षा चांगला धडा माहीत नाही. विनोद इतकाच, की त्यातला ‘जुना’ भाग हा सगळ्यात नवा आहे.

१२२० च्या दशकातल्या त्या दुरुस्तीच्या वेळी छपराचा सांगाडाही नव्याने करावा लागला, आणि वेदीकडच्या भागात ११६० ते ११७० च्या दशकांत तोडलेल्या झाडांची लाकडे त्यात पुन्हा वापरली गेली. म्हणजे २०१९ मध्ये जळालेले ‘जंगल’ हे स्वतःच दुसऱ्या पिढीचे होते. आगीने आणखी एक गोष्ट उघडी पाडली, ती लोखंडाची. भिंतींच्या माथ्यावर, सज्ज्याच्या फरशीत, दगड एकमेकांना बांधणाऱ्या लोखंडी कड्या मोठ्या संख्येने दिसल्या. दगडात भोक पाडायचे, कडीचे टोक त्यात बसवायचे, वरून शिसे ओतून पक्के करायचे, ही पद्धत. या लोखंडाच्या कालमापनातून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की कड्या नंतरच्या दुरुस्तीतल्या नसून अगदी ११६० च्या दशकापासून, बांधकामाच्या पहिल्या टप्प्यापासूनच वापरलेल्या आहेत. गॉथिक म्हणजे केवळ दगडाचा तोल, हा समज यामुळे थोडा दुरुस्त करावा लागतो. मुंबईत दगडात गाडलेले लोखंड खाऱ्या हवेने गंजून फुगते आणि दगडाचे टवके उडवते, हे आम्ही रोज पाहतो. त्यामुळे या कड्यांबद्दल वाचले तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया कौतुकाची नव्हती, काळजीची होती. पण भिंतीच्या माथ्यावरच्या कड्या शिशाच्या छपराखाली आठशे वर्षे कोरड्या राहिल्या.

आडव्या बाहूंची टोके हा या इमारतीतला सर्वांत देखणा भाग. त्यांचे काम झ्याँ द शेल यांनी तेराव्या शतकाच्या मध्याला उत्तरेकडून सुरू केले. दक्षिण बाजूच्या पायथ्याशी लॅटिन लेख कोरलेला आहे आणि त्यावरून काम फेब्रुवारी १२५८ मध्ये सुरू झाल्याचे समजते. त्यानंतर झ्याँ वारले आणि पिएर द मोंत्रय यांनी ते पुढे नेले. इथे भिंत अशी उरलेलीच नाही. सुमारे १३ मीटर व्यासाच्या गोल खिडक्या दगडाच्या बारीक जाळीत बसवल्या आहेत, आणि पश्चिमेच्या ९.६ मीटर व्यासाच्या खिडकीपुढे त्या ठेवल्या की एका पिढीत गवंड्यांचा हात किती पुढे गेला ते कळते. उत्तरेच्या गोल खिडकीत तेराव्या शतकातल्या काचा मोठ्या प्रमाणात टिकून आहेत. दक्षिणेची खिडकी मात्र अनेकदा खचली आणि पुन्हा बांधली गेली. आगीत तिन्ही वाचल्या.

त्यानंतरची काही शतके थोडक्यात सांगता येतील, कारण त्यांनी बांधकामात नवे घालण्यापेक्षा असलेले काढून टाकण्यावर जास्त भर दिला. अठराव्या शतकाच्या प्रारंभी वेदीचा परिसर अलंकृत बरोक पद्धतीने मढवला गेला आणि वेदीचा भाग मुख्य दालनापासून वेगळा करणारी मध्ययुगीन दगडी पडदा-भिंत पाडण्यात आली. तिचे रंगीत तुकडे २०२२ च्या उत्खननात मधल्या चौकाच्या फरशीखाली निघाले. त्याच शतकात बहुतेक जुन्या रंगीत काचा काढून पांढऱ्या काचा बसवल्या गेल्या, आणि हे क्रांतिकारकांनी नव्हे, तर आतल्याच धर्मगुरूंना उजेड हवा म्हणून. १७७१ मध्ये मिरवणुकीची छत्री आत जावी म्हणून मुख्य दरवाजाचा मधला खांब कापला गेला. मध्ययुगीन सुळका जीर्ण झाल्यामुळे शतकाच्या अखेरीस उतरवला गेला. राज्यक्रांतीत १७९३ मध्ये दर्शनी भागावरच्या राजांच्या २८ पुतळ्यांची शिरे फ्रान्सचे राजे समजून छाटली गेली, वास्तविक ते बायबलमधले यहूदाचे राजे होते. त्यातली २१ शिरे १९७७ मध्ये पॅरिसमधल्याच एका इमारतीच्या कामात सापडली आणि आज क्ल्युनी संग्रहालयात आहेत.

व्हिक्टर ह्यूगो यांच्या १८३१ च्या कादंबरीने लोकमत जागे झाले आणि १८४४ मध्ये लास्यूस व व्हियोले-ल-द्यूक या दोन वास्तुतज्ज्ञांकडे जीर्णोद्धार सोपवला गेला. लास्यूस १८५७ मध्ये वारले. पुढचे काम व्हियोले-ल-द्यूक यांनी १८६४ पर्यंत नेले. शिरच्छेद झालेले राजे, दरवाजाचा खांब, कठड्यावरचे प्राणी, आडव्या बाहूंवरचा लाकडी सांगाडा, आणि १८५९ चा सुळका ही सगळी त्या वीस वर्षांची कमाई. सुळक्याच्या पायथ्याशी येशूच्या प्रेषितांचे तांब्याचे पुतळे होते, आणि त्यांतल्या वास्तुविद्येचा आश्रयदाता असलेल्या संत थॉमसला त्यांनी स्वतःचा चेहरा दिला. बाकीचे शहराकडे पाहतात, हा वळून सुळक्याकडे पाहतो. हे पुतळे दुरुस्तीसाठी आगीच्या चारच दिवस आधी क्रेनने खाली उतरवले होते. आमच्या व्यवसायात व्हियोले-ल-द्यूक यांच्यावर टीका करणे सोपे आहे, कारण इमारत कधीच नव्हती अशा ‘पूर्ण’ अवस्थेला तिला नेण्याचा त्यांना मोह होता. तरी पन्हळी, बट्रेस आणि दगडकाम यांची त्यांनी केलेली दुरुस्ती झाली नसती तर २०१९ पर्यंत जळायला काही उरले असते की नाही, याची मला शंका आहे.

जुलै २०२० मध्ये जेव्हा सुळकाही पूर्वीसारखाच करायचे ठरले, तेव्हा नव्या छपरासाठी सुचवलेल्या काच, हिरवळ, जलतरण तलाव अशा कल्पना बाजूला पडल्या. या निर्णयाला भक्कम पाया मिळाला तो कागदपत्रांचा. रेमी फ्रोमों आणि सेद्रिक त्रांतसो या वास्तुतज्ज्ञांनी २०१४ मध्ये सांगाड्याची तुळईनिशी मोजणी केली होती, आणि कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी त्याआधी इमारतीचे लेसरने अतिशय बारीक मापन केले होते. मुख्य दालन आणि वेदीवरच्या कैच्यांसाठी ओकचे ओंडके खास घडवलेल्या कुऱ्हाडींनी चौरस केले गेले. यावर बऱ्याच जणांनी दिखाऊपणाचा आरोप केला, पण त्यामागे सुताराचे शहाणपण आहे. करवत सरळ रेषेत चालते आणि लाकडाचा धागा कापत जाते. कुऱ्हाड धाग्यामागे जाते, त्यामुळे झाड जरा वाकडे असले तरी तुळईत धागा अखंड राहतो. ओक अनेक वर्षे वाळवल्याशिवाय वापरताच येत नाही, हा समजही खरा नाही. मध्ययुगीन सुतार ओले लाकूडच घडवत, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही; ते जागेवर बसून वाळते आणि सांधे आवळले जातात. प्रमुख वास्तुतज्ज्ञ फिलिप व्हिलनव्ह यांच्या देखरेखीखाली झालेल्या या कामात एकूण सुमारे २,००० ओक लागले. मात्र सगळेच जुन्यासारखे नाही: छपराच्या पोकळीत आता आग अडवणारे आडपडदे आहेत आणि पाण्याचा बारीक फवारा सोडणारी यंत्रणा आहे. जुन्या बांधणीला जे कधीच जमले नव्हते तेवढेच नवे घातले आहे, आणि हे मला योग्य वाटते. शिशाबद्दल माझे मत वेगळे आहे. आगीत शिशाची धूळ आसपासच्या वस्तीत पसरली, शाळा धुवाव्या लागल्या. इतके झाल्यावरही पुन्हा शिसेच वापरायचे होते, तर छपरावरून वाहणाऱ्या पाण्याच्या निचऱ्याचा विचार निर्णयाच्या आधी, उघडपणे मांडायला हवा होता.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे: ज्यावर ही इमारत उभी आहे ते खांब, भिंती आणि बहुतेक कमानछत बाराव्या-तेराव्या शतकांचे आहे, बट्रेसचे दगड चौदाव्या ते एकोणिसाव्या शतकांचे, रस्त्यावरून प्रथम डोळ्यांत भरणारे शिल्प पुष्कळसे एकोणिसाव्या शतकातले, आणि छप्पर व सुळका एकविसाव्या शतकातले आहेत. नक्कल म्हणायचीच तर ती सुळक्याला म्हणता येईल, आणि तीही एकोणिसाव्या शतकातल्या कल्पनेची.

याच निकषावर सध्याच्या वादाकडेही पाहता येते. दक्षिण बाजूच्या सहा उपदालनांतल्या व्हियोले-ल-द्यूक यांच्या काळच्या फिकट नक्षीच्या काचा काढून तिथे चित्रकार क्लेर ताबुरे यांच्या नव्या रंगीत काचा बसवायचे ठरले आहे. फ्रान्सच्या वारसा आयोगाने जुलै २०२४ मध्ये याविरुद्ध कौल दिला होता, तरी काम पुढे गेले. नव्या कलेला माझा विरोध नाही, आणि ही इमारत नेहमी बदलतच आली आहे हेही वर मीच लिहिले आहे. पण तेराव्या शतकात खिडक्या मोठ्या केल्या त्या अंधार होता म्हणून, आणि २०२० नंतर छप्पर बांधले ते जळाले होते म्हणून. या सहा खिडक्यांना आगीत काहीही झालेले नाही. आगीनंतर त्या स्वच्छ करण्यावर कष्टही खर्च झाले आहेत. शाबूत असलेला भाग काढून दुसरा बसवणे याला जतनाच्या कामात दुरुस्ती म्हणत नाहीत, आणि माझ्यापुढे असा प्रस्ताव आला असता तर मी सही केली नसती.